उताणं छप्पर आणि तपासनिसाची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वास्तुरचना कार्यालयाचे संस्थापक, ज्यांना आम्ही तोंडावर सर आणि पाठीमागे थोरले साहेब म्हणतो ते थोरले साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या प्रमुख पाहुण्या, दातांच्या डॉक्टरबाई, ज्यांच्या घरामुळे आमचं कार्यालय चार लोकांना माहीत झालं. आजचे सत्कारमूर्ती, कार्यालयाचे भागीदार, कमानसाहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नी, ज्या सत्कारमूर्तींच्या सख्ख्या थोरल्या बहीण आहेत आणि आज त्याच नात्यानं आल्या आहेत, असं त्यांनी मला घरातून निघतानाच बजावलंय. आजी-माजी सहकारी मित्रहो. आणि अगदी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले पत्रेवाले काका व त्यांच्या कन्या. काकांना मी पुढे बोलावलं होतं, पण आपण इथंच बरे आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. आपणा सर्वांना नमस्कार करून दोन शब्द बोलायची परवानगी मागतो.

नव्या मंडळींना मी माहीत नसेन. मी या कार्यालयात एकतीस वर्षं तपासनीस होतो. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते आणि तिच्यात तीन सह्या असतात. रचना कोणाची, आरेखन कोणाचं आणि तपासलं कोणी. घराचं कौतुक झालं की लोक पहिली सही वाचतात. घर गळायला लागलं की तिसरी वाचतात. मी तिसरा. हातात कायम लाल पेन, म्हणून माझं नावच लालपेन पडलं. माझ्या पाठीमागे म्हणायचे, पण मला ऐकू यायचं. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. माझा निरोप समारंभ काहींना आठवत असेल. तो दुपारच्या चहात उरकला होता. बिस्किटं चांगली होती. आज सभागृह आहे, माइक आहे, आणि फुलांचा गुच्छ इतका मोठा आहे की त्याच्या आडून अध्यक्ष अर्धेच दिसताहेत. माझी काही तक्रार नाही. बघायची सवय लागलीय, एवढंच.

आता सत्कारमूर्तींविषयी. हे माझे मेव्हणे. घरात त्यांना सगळे धाकट्या म्हणतात, आणि मीही आज मधूनमधून तेच म्हणणार आहे, सभेनं सांभाळून घ्यावं. चौतीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा, माझ्या पत्नी म्हणाल्या, "धाकट्याला तुमच्याकडे कुठंतरी चिकटवा की." मी चिकटवला. पेन्सिल फिरवत फिरवत रेघ कशी ओढायची म्हणजे ती शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते, ते मी शिकवलं. कागद कसा गुंडाळायचा, खोडरबराचा चुरा हातानं झाडायचा नाही तर ब्रशनं, हेही मीच. पहिले सहा महिने तो मला कार्यालयात सर म्हणायचा. मग त्याच्या तोंडून भाऊजी सुटायला लागलं, आणि बघता बघता शिपायापासून सगळे मला भाऊजी म्हणायला लागले. तीस वर्षं मी अख्ख्या कार्यालयाचा भाऊजी होतो. त्यानं लावलेलं नाव तेवढं टिकलं.

मत्सर नेमका कधी सुरू होतो, हे कोणाला सांगता येतं का? मला येतं. एका मंगळवारी सुरू झाला. एक गृहस्थ घर बांधायचं म्हणून आले होते. थोरल्या साहेबांनी त्यांच्यासमोर दोन आराखडे ठेवले, एक माझा आणि एक धाकट्याचा. तेव्हा मीही रचना करायचो, हे आता कोणाला खरं वाटत नाही. त्या गृहस्थांनी माझ्या आराखड्यावर चहाचा कप ठेवला आणि धाकट्याचा आराखडा दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेला. बस, एवढंच झालं. कपाचा गोल डाग उमटला होता. तो कागद मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

पुढं हे वाकवलेल्या पत्र्याचं वेड आलं. सत्कारमूर्ती कुठल्याशा पेट्रोलपंपाचं छप्पर बघून आले आणि बैठकीत म्हणाले, घरावर असं का घालू नये? पोलादाचा पत्रा, रंगीत, यंत्रावर वाकवलेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका कमानीत. मी लगेच विचारलं, "यात माणसं राहणार आहेत की पोती?" सगळे हसले. माझ्या नोकरीत मला मिळालेला तो सगळ्यात मोठा हशा. धाकट्याही हसला. हसून झाल्यावर त्यानं कागद ओढला आणि समजावायला बसला. दोन उतारांचं छप्पर असलं की मध्ये आढं येतं, आढं आलं की सांधा येतो, आणि पाणी येतं ते सांध्यातून. कमानीला आढंच नाही. एक सलग पत्रा, वर एकही सांधा नाही. आत खांब लागत नाहीत, मधोमध उंची मिळते, छोटी खोली मोठी वाटते. वारा अडायला वर कंगोरा नाही. मी म्हटलं, पावसात आवाजानं कान फुटतील. तो म्हणाला, पत्र्याखाली लोकरीसारखा जाड थर घालू आणि त्याखाली लाकडी फळ्या. मी म्हटलं, उन्हात भाजून निघतील लोक. तो म्हणाला, मध्ये हवेला जागा ठेवू, गरम हवा वरच्या वर बाहेर जाईल. माझ्या प्रत्येक शंकेला त्याच्याकडे उत्तर होतं आणि एकाही उत्तरात तो चिडला नाही. त्याचं हे न चिडणं मला कधीच सहन झालं नाही.

मी स्वतः अकरा घरांना सपाट स्लॅब दिला. अकरापैकी एकही आजतागायत गळत नाही. पण न गळणाऱ्या स्लॅबचा फोटो कोण काढतं? धाकट्याच्या कमानींचे फोटो मासिकांत यायचे. विद्यार्थी यायचे आणि मला विचारायचे, कमानसाहेबांचं टेबल कुठलं? मी बोट दाखवायचो. ते खिडकीजवळचं, म्हणजे पूर्वीचं माझं. घरी पाहुणे आले की माझ्या पत्नी त्यांना रविवारी भावाचं घर बघायला घेऊन जायच्या. परत येऊन आमच्या हॉलमध्ये बसल्या की पाहुणे एकदा वर बघायचे आणि मग चहाकडे बघायचे. त्या रात्री मला जेवण जात नसे. हे सांगताना लाज वाटते, पण पोटात दुखायचं म्हणजे अगदी खरोखर दुखायचं, मी त्यावर गोळ्या घेतलेल्या आहेत.

असो. डॉक्टरबाईंच्या घराकडे येतो. बाई, तुमची परवानगी गृहीत धरतो. बाईंच्या जुन्या दवाखान्याचं छप्पर आढ्यालाच गळायचं. पेशंट तोंड उघडून बसलेला आणि वरून थेंब. बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "दिवसभर मी फटीच बुजवते. घरी मला एकही फट नको." धाकट्यानं त्यांना कमान काढून दिली. विटकरी रंगाचा पत्रा, छत्तीस ताव, सगळे एकाच त्रिज्येत वाकवायचे. हे काम पत्रेवाले काकांकडे गेलं, कारण तीन रुळांच्या यंत्रावर इतका लांब पत्रा चुणी न पडू देता वाकवणारा दुसरा माणूस आमच्या माहितीत नव्हता.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. रंगीत पत्र्याला दोन बाजू असतात. एक रंगाची, तिच्यावर जाड लेप असतो, ऊन-पाऊस ती झेलते. दुसरी करडी, ती आत राहते. सपाट पत्रा उलटा आला तर उलटून टाका, काम संपलं. वाकवलेल्या पत्र्याचं तसं नाही. तो उलटला की कमानीची परात होते. म्हणून पत्रा वाकवायच्या ड्रॉइंगवर एक छोटा बाण काढतात आणि लिहितात, रंग या बाजूला. नखाएवढा बाण. तो नसेल तर कारखान्यानं काम सुरू करण्याआधी विचारायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

ज्या दिवशी ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं, त्याच दिवशी थोरल्या साहेबांनी धाकट्याला भागीदार केल्याचं जाहीर केलं. साहेब, तुमचा निर्णय योग्यच होता. पण त्याआधी वर्षभरात तुम्ही मला दोनदा म्हणाला होतात की, बघू, तुमचंही मनात आहे. पलीकडच्या खोलीत टाळ्या चालल्या होत्या. मी तिथं गेलो, हात मिळवला, गोड बोललो आणि परत येऊन कामाला लागलो. पहिलंच ड्रॉइंग हे. आणि त्यावर बाण नव्हता. घाईत राहिला होता. शिवाय कमानीच्या आतल्या अंगानं त्यानं एक बारीक दुहेरी रेघ काढली होती. ती लाकडी फळ्यांची होती. पण बाण नसेल तर बघणाऱ्याला ती रंगाचीच वाटावी, अशी.

मी लाल पेन उचललं होतं. टोपणही काढलं होतं. मग वाटलं, राहू दे. कारखान्यातून विचारणा येईल, सगळ्यांसमोर कळेल की नव्या भागीदारांना साधा बाण काढायची आठवण राहत नाही. थोडा पाणउतारा होईल, बास. मी पेन बंद केलं, दुसरं पेन घेतलं आणि तपासलं म्हणून सही केली.

कमानसाहेब, पाण्याचा ग्लास तुमच्या उजव्या हाताला आहे. हे तुम्हाला आत्ता, या सगळ्यांबरोबरच कळतंय, ते चुकीचं आहे. परवा तुमच्याकडे यायला निघालो होतो. पण तुमच्या त्या छपराखाली बसलं की मला बोलायला सुचत नाही, वर बघत बसतो.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आलीय. "दोन मिनिटांत आटोपावे." साहेब, चौतीस वर्षांत मी तुमची एकही चिठ्ठी डावलली नाही. आज ही खिशात ठेवतो.

महिन्याभरानं पत्रे आले. छत्तीसच्या छत्तीस, वाकवलेले इतके सुंदर की एकावर एक रचले तर मधून कागद जाणार नाही. आणि रंग आतल्या बाजूला. घराचा सांगाडा उभा, भिंती खिडक्यांच्या उंचीपर्यंत आलेल्या, आणि पत्रे उलटे. परत सरळ करायचे तर लेपाला तडे जातात. नवे मागवायचे तर बाईंचं घर पुढच्या वर्षावर जातं. थोरल्या साहेबांनी बैठक बोलावली. काकांना बोलावलं. काका उभेच होते, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "बाण नव्हता, तर विचारायचं कोणी?" काका म्हणाले, "मी फोन केला होता." कोणाला? "नाव विचारलं नाही. कार्यालयात कोणीतरी उचलला." आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. धाकट्यानं नाही म्हणून मान हलवली, आणि ते खरं होतं. माझ्याकडे बघितल्यावर मी म्हणालो, "मला फोन आला असता, तर मी सांगितलं नसतं का?"

साहेबांनी फाइल मिटली. काका नमस्कार करून निघून गेले.

त्यानंतर धाकट्यानं जे केलं, ते तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी मी सांगणार, कारण मी ते समोर उभं राहून बघितलंय आणि त्याच्याइतका कशाचा हेवा मला आयुष्यात वाटला नाही. पूर्ण दिवस तो त्या पत्र्यांपाशी उकिडवा बसला. एक ताव दोन विटांवर उताणा ठेवला. मग एका बाजूच्या विटेवर आणखी विटा चढवत गेला, एकेक करून, आणि ताव एका अंगानं उचलला गेला. वरून त्यानं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी उंच बाजूनं घसरलं आणि खालच्या कडेनं सगळंच्या सगळं बाहेर गेलं. तो वळून मला म्हणाला, "भाऊजी, ही पालथी घालायचीच नाही." सांगाड्याच्या कमानी सोडवल्या, उताण्या केल्या, एका बाजूची भिंत वाढवली. खालच्या कडेला पन्हाळ, आणि उंच कडेखाली, जिथं कधी काही येणारच नव्हतं तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. बाईंच्या घरात सकाळपासून दिवा लावावा लागत नाही. आडवा सांधा एकही नाही. एकोणीस वर्षांत थेंबही आला नाही. बरोबर ना, बाई? बाई मान हलवताहेत.

ते घर गाजलं. त्याच्यासारखी पुढे सतरा झाली. सत्कारमूर्ती जिथं भाषणाला जातील तिथं सुरुवात एकाच वाक्यानं करतात, की कारखान्याची चूक झाली आणि मला घर सापडलं. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. काकांचं नावही ते घेत नाहीत. पण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं, पत्रे कोणी वाकवले ते. बाण नसताना न विचारता रंग उलटा घेणाऱ्याकडे घराचं काम कोण देणार? आमच्या यादीतून काकांचं नाव गेलं, मग इतरांच्याही. ज्या हातांनी ते छत्तीस पत्रे वाकवले, त्यांनी पुढं एकोणीस वर्षं सायकलींच्या स्टँडची छपरं केली.

आता या भाषणाची गंमत ऐका. शनिवारी मी ते घरी म्हणून दाखवलं. माझ्या पत्नी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मी उभा राहून, हात मागे बांधून, बाणापर्यंतचं सगळं सांगितलं. शेवट असा केला होता की, मित्रहो, ज्या घरानं कमानसाहेबांना मोठं केलं, ते एका तपासनिसाच्या मत्सरातून जन्मलं. मला तो शेवट फार आवडला होता. लोक स्तब्ध होतील, असं वाटत होतं. पत्नींनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "तुम्ही माफी मागताय की छपरात वाटा मागताय?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

त्या म्हणाल्या, "बाण राहिला, हे छान रंगवून सांगितलंत. त्यात तुम्ही मोठेच होताय. पण बैठकीत काका म्हणाले होते ना, फोन केला होता? धाकट्यानं सांगितलं होतं मला. तो कोणी उचलला, ते कुठाय?"

मी म्हणालो, मला काय माहीत. त्यांनी परत शेंगा सोलायला घेतल्या. पस्तिसावं वर्ष आहे आमच्या लग्नाचं. त्यानंतर माझ्याशी त्या फक्त कामापुरतं बोलल्या.

सोमवारी मी काकांच्या वर्कशॉपवर निमंत्रणपत्रिका घेऊन गेलो. काका बाकावर बसले होते. यंत्र आता त्यांच्या कन्या चालवतात. एक पत्रा वाकवायच्या आधी त्या फोनवर कोणाला तरी विचारत होत्या, तेच तेच पुन्हा विचारत होत्या, पलीकडचा माणूस वैतागलेला मला ऐकू येत होता. काका म्हणाले, "मीच शिकवलंय तिला. प्रत्येक ऑर्डरला दोनदा विचारायचं. तुझा बाप एकदा चुकला, म्हटलं." मग म्हणाले, "साहेब, आधी मला अगदी स्पष्ट आठवायचं. फोन केला, आवाजही तुमचाच वाटला होता. पण तुमची सही होती त्यावर, तुमच्यासमोर मी कशाला बोलू? मग सगळेच म्हणायला लागले, फोन आलाच नाही. पाचेक वर्षांनी मलाही वाटायला लागलं, केलाच नसेल. विचारायचं ठरवलं असेल, आणि विचारायचं राहिलं असेल. होतं ना माणसाचं तसं." आणि मला विचारलं, "मी फोन केला होता का हो?"

तेवढ्यात यंत्र सुरू झालं. मी पत्रिका त्यांच्या हातात दिली आणि ओरडून म्हणालो, समारंभाला या, तिथं बोलू. एवढंच मला जमलं.

म्हणून ते आज आले आहेत. जेवणासाठी नाही, भाषणांसाठीही नाही.

आता समारोपाचं. अध्यक्षांनी मला बोलायला दिलं आणि चिठ्ठी एकच पाठवली, त्यांचे आभार. डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद ठेवून वेळ काढला, त्यांचे आभार. सत्कारमूर्तींना देण्याचं मानपत्र छापण्याआधी, सवयीनं, माझ्याकडेच तपासायला आलं होतं. त्यात एक वाक्य होतं, कारखान्याच्या अक्षम्य चुकीचं त्यांनी सोनं केलं. मी ते वाचलं आणि तपासलं म्हणून सही करून पाठवलं. हे गेल्या आठवड्यातलं आहे, एकोणीस वर्षांपूर्वीचं नाही. आज दुपारी लवकर येऊन, फ्रेमची काच काढून, छापील प्रतीवरच मी ते वाक्य लाल पेनानं खोडलंय. स्वीकारताना रेघ दिसेल, फोटोतही येईल. त्याबद्दल सजावट करणाऱ्यांची क्षमा मागतो.

धाकट्या, ते छप्पर संपूर्ण तुझं आहे. पत्रे सरळ आले असते तरी तू काहीतरी केलं असतंस, आणि मी त्यावरही जळलो असतो. आजही तुझ्या गुच्छाकडे बघून मला बरं वाटत नाहीये. ते आता जाणार नाही, माझं वय झालं. पण त्यात माझा वाटा काही नाही. हे वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून आलोय, तरी जड गेलं.

भाषण संपवताना वक्ते म्हणतात, काही कमी-अधिक बोललो असेन तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. माझं बोलणं लांबलं, ते सांभाळून घ्या. सत्कारमूर्तींना त्यांच्याच दिवशी अवघडल्यासारखं केलं, तेही जमलं तर घ्या. एक गोष्ट मात्र या सभेनं सांभाळून घेऊ नये, कारण ती सभेची नाही.

काका, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देतो. तुम्ही फोन केला होता. बुधवार होता, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, खोलीत मी एकटा होतो. फोन मी उचलला. तुम्ही म्हणालात, "साहेब, बाण दिसत नाही. रंग वर घेऊ की खाली?" मी म्हणालो, "ड्रॉइंगप्रमाणे करा." मी ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ड्रॉइंगप्रमाणे रंग आत येतोय साहेब, तसाच घेऊ ना?" आणि मी म्हणालो, "घ्या." तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि ताई, तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात म्हणून हे तुम्हाला सांगतो आणि खाली बसतो. तुमच्या वडिलांनी त्या दिवशीही दोनदा विचारलं होतं.